वळण लावणं

आमच्याकडे अक्षराला वळण लावतात, पोरांना लावतात.
मी रस्त्याला लावते. सरकारी पगारावर,
ओहायोतल्या केलर्सव्हिल गावाबाहेर,
जिथे दोन हायवे एकमेकांना ओलांडतात.

एकोणीसशे एकसष्टचं ते वळण,
तेव्हाच्या गाड्यांच्या बेताचं,
तेव्हाच्या घाईच्या बेताचं.
नकाशात वरून बघावं तर चार पाकळ्या, रांगोळीच जशी.
खाली मात्र
चढणारा आणि उतरणारा एकाच पट्ट्यात,
आणि चारशे फुटांत ठरवायचं, आधी कोण.

माझ्या फायलीत पाच वर्षांचे अडतीस ठिपके.
अडतीस म्हणजे 'विचाराधीन'.

शाळेच्या जिममध्ये सभा घेतली,
बास्केटबॉलच्या जाळीखाली नकाशे टांगून.
लोक पेट्रोल पंपाबद्दल बोलले,
दोन वर्षं पडणाऱ्या वळशाबद्दल,
एक बाई तर नुसती हरणांबद्दल.
मग मागून उठला व्हर्लिन स्टॅम्पर, टोइंगवाला,
हातात ऑइलचे डाग पडलेली वही.
म्हणाला, तुमचे ठिपके म्हणजे जिथे पोलीस आले ते.
बाकीचे मला फोन करतात.

एकशे बारा.
तारीख, वेळ, कुठलं चाक निखळलं.
समासात कधी एखादा शब्द: धुकं.
रडत होती.
बाळाची सीट, रिकामी, देवाची कृपा.

"एकतीस वर्षं या वळणावर माझं घर चाललं.
आता बंद करा ते."
एवढं बोलून बसला. लोखंडी खुर्ची करकरली,
आणि हरणांवाल्या बाईने
पर्समधून काढलेला कागद परत आत ठेवला.

वळणाचं पाणी वळणावर जातं म्हणतात.
गाडीचं तसं नसतं. ती जाते नाकासमोर,
तिला वळण समजवावं लागतं:
बाहेरची कड जरा उचलून धरायची,
त्रिज्या वाढवायची,
पुढे काय आहे ते आधीच दिसू द्यायचं, ओरडायचं नाही.
पोरांचंही असंच असेल.
मला नाहीत. मी रस्तेच वाढवलेत.

दोन हिवाळे गेले.
चिकणमाती गोठली, काँक्रीट रुसलं,
नारिंगी पिंपांच्या रांगेत एक रात्रभर कुणी नाचून गेलं असावं,
सकाळी सगळी आडवी.
दोन पाकळ्या खुडल्या. तिथे आता गवत आहे.
एका ट्रकवाल्याने मला सात पानी पत्र धाडलं,
शिव्या कळल्या, अक्षर नाही लागलं.

उघडल्यावर साधारण वर्षाने व्हर्लिनचा फोन आला.
दुसरा ट्रक विकला म्हणाला.
"तुझ्यामुळे."
ही शाबासकी की दुसरं काही, मी विचारलं नाही.
थोडा वेळ दोघंही फोन धरून होतो.
मग म्हणाला, ती वही आता राहू दे तुझ्याकडेच.

माझ्या अहवालात ठिपक्यांचा रकाना आहे.
जे घरी पोचले, भांडले, जेवले, झोपले,
त्यांच्यासाठी रकाना नाही, आणि असता तर
भरला कुणी असता?

काल संध्याकाळी मीच निघाले होते तिथून.
जुन्या सवयीने स्टीअरिंग घट्ट धरलेलं,
पाय ब्रेकवर अधांतरी.
भर वळणात आरशाकडे नजर गेली:
मागच्या गाडीत एक बाई,
एका हाताने गाडी चालवत,
मोठ्ठी जांभई देत होती.