वरची गुंडी

मे महिना. सदरच्या गल्लीत
कूलर पाण्याविना खडखडतोय,
आणि आम्ही दोघं शहाणे
उकळत्या भांड्यासमोर बसलोय.

भिंतीवर पांढरा डोंगर,
नेमकी शिखरावर पाल.

आठ नग. झाकण उघडलं
तसा वैरागडेचा चष्मा गेला.
चाचपडत त्यानं पहिला उचलला, चावला,
आणि रस थेट मनगटावरून
ऑफिसच्या बाहीत.
"आधी पिऊन घ्या लागते," मी म्हटलं.
लाल चटणी त्यानं बोटानं चाखली:
"याले तिखट म्हणतेत?
आमच्या घरी लेकराले देतो हे."

गल्ल्यामागं डोलकरताई.
पारीला चुण्या घालत बसलेली, अठरा पडल्या पाहिजेत,
सतरावर अडलं की मोडते, परत लाटते.
मी उगाच, सलगीनं:
"तुमच्या गावी आत्ता बर्फ असन, नाही?"

तिनं वर पाहिलं नाही.
"माह्या गावी? गोठणगावले?
काल शेहेचाळीस होतं भाऊ.
आमचा मोठा धानाच्या बांधीत,
म्हशी तलावात."
एक चुणी. "बर्फ पाह्यला ना.
सीताबर्डीवर, रसवंतीत."

वैरागडे हसला. ती नाही.
मग तोंड मिटवत त्या पारीचं,
"बाबा सांगत पण. रात्री, अंगणात.
आम्ही गोधडी ओढून घेत होतो,
उन्हाळ्यात."

बिल दिलं. बाहेर झळ
तोंडावर बसली,
आणि मी, काहून कोण जाणे,
शर्टाची वरची गुंडी लावली.