सेटिंग

गिऱ्हे साहेब डाय बसवायचे तेव्हा
तोंड प्रेसकडे, पाठ आमच्याकडे.
अकरा वर्षं मी त्या पाठीकडून शिकलो:
खाकी शर्ट, त्यावर घामाचा नकाशा,
आणि मागच्या खिशात
बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली डायरी.
चार नंबरला किती शिम, सात नंबरचा स्ट्रोक कुठवर,
कॉइल डावीकडं का ओढते, सगळं त्या डायरीत.
विचारलं की म्हणायचे, "कळंल हळूहळू."

हळूहळू ते रिटायर झाले.
शाल, नारळ, वर्गणीतला मिक्सर,
आणि डायरी खिशातल्या खिशात
रिक्षात बसून रांजणगावला गेली.

मला निळी टोपी मिळाली. सुपरवायझर.
पहिल्याच सोमवारी चार नंबरनं
दिवसभर बर काढली.
साहेबांना फोन लावला. लई मायेनं बोलले,
अर्धं सांगितलं.
उरलेलं अर्धं म्हणे उद्या.

मग कंपनीनं ट्रेनिंगला धाडलं,
जालना रोडच्या हॉटेलात, दोन दिवस.
एसी इतका की मी टोपी काढलीच नाही.
आगाशे मॅडमनी एकच विचारलं,
"उद्या तुम्ही आला नाहीत तर काय होईल?"
वाळूजचे आम्ही चौदा सुपरवायझर
छाती काढून एकामागून एक: लाइन बंद पडंल.
त्यांनी फळ्यावर चौदा वेळा लिहिलं, बंद.
बंद. बंद. बंद.
काही बोलल्या नाहीत. चहा आला.
मला तो गिळवेना.

कारण तोवर माझीही एक डायरी झाली होती.
खिशाचं बटण लावून ठेवायचो.

बुधवारी चार नंबरवर डाय बदलायची होती.
संतुका मागं उभा, हिंगोलीचा पोरगा,
माझ्या पाठीकडं बघत.
मी बाजूला सरकलो.
फार नाही, एक वीतभर.
पाना त्याच्या हातात दिला.
त्यानं अकरा पीस घालवले.
प्रत्येक पिसाला माझा हात पुढं जायचा,
तो मी खिशात कोंबायचो,
आणि खिशात डायरी लागायची.

संध्याकाळी पानं फाडली,
चिकटपट्टीनं प्रेसशेजारच्या पत्र्यावर लावली.
मॅनेजर म्हणाले, "माणशी सहा हजार भरले आपण,
आणि तुम्ही हे शिकून आलात?"
मी म्हटलं, हो.

जानेवारीत तिसरी पाळी संतुकावर सोडली.
बजाजनगरातल्या खोलीत मी जागा.
बायको म्हणाली, "कुणाच्या फोनची वाट बघायलात?"
"कुणाच्याच नाही."
पावणेतीनला उठून बघितलं,
चार्जिंग आहे, आवाज फुल्ल आहे, रेंज आहे.
वाजत नव्हता.
खोटं कशाला बोलू, मला वाजायला पाहिजे होता.

सकाळी विचारलं, "अडलं होतं?"
"हां. तीनच्या सुमाराला."
"मग?"
"निघालं."
आणि पत्र्याकडं बोट.
माझ्या अक्षराखाली पेन्सिलनं लिहिलं होतं:
थंडीत पयला बोल्ट धिला ठेवा, दहा पीस काडा, मंग कसा.

हे माझ्या डायरीत नव्हतं.
साहेबांच्या होतं का, आता कोण सांगणार.

ध चा मा करणारे या कंपनीत पुष्कळ पाहिले;
मी नुसता ध चा ढ करायला पेन काढलं,
आणि आठवलं, सहावीत गुरुजी
मला याच अक्षरानं हाक मारायचे.
टोपण लावलं.

त्याची बस गेटवर हॉर्न द्यायली होती.
म्हटलं, थांब संतुका,
पयला बोल्ट म्हणजे नेमका कुठला?
पिशवी खाली ठेवून तो वाकला,
मग बघितलं त्यानं, मला दिसत नाही ते,
आणि सरकला.