दोन माडांवरचे ठोके

कुंभारजुव्याच्या कालव्यालगतच्या भाटात
पहाटे साडेपाचला दोन माडांवरून ठोके यायचे.
पोय मऊ व्हावी, सूर सुटावा म्हणून
रेंदेर कातीच्या मुठीने ठोकतात, तसे.
थोरला गुणो: टकटकटक, घाईत,
जणू दुसराच कोणी आधी काढून नेईल.
धाकटा शाणू: टक्. टक्.
मग गोंधळून गप्प,
मग पुन्हा पहिल्यापासून.

मी खिडकीत चहा घेऊन ऐकायचे.
मग बस, मग बांबोळी,
मग दिवसभर माझे दुसरे ठोके.

(कोणाला सांगितले नाही, पण
केसाएवढी नस तारेच्या हुकावर उचलताना
मी अजून श्वास रोखते.
सत्तावीस वर्षे झाली.)

उंदराची पोटरी. तिच्यात दडलेली चाती,
टोकांना निमुळती, मधे फुगीर,
सूत कातणारी नव्हे, ताण मोजणारी.
तिच्या धाग्यांना नसेची टोके
वेटोळी घालून बसलेली.
पोटरी ताणली की वेटोळी सैलावतात,
त्यांच्या सालीतली दारे किलकिली होतात,
खाजनातल्या मानशीची फळी
कोणी न ओढता, पाण्याच्याच रेट्याने हलते तशी.
खारे पाणी आत.
थोडे, अजून थोडे,
काठोकाठ, आणि ठिणगी.
स्पीकरमधून: टक्.

इथवर मुलांना शिकवणे सोपे.

पुढे नस एकच, पण टोकाला तिला फाटे.
एक जाड धाग्याला बिलगलेला:
त्याला कळते, किती झपाट्याने ताणले.
दुसरा बारक्या, साखळीसारख्या धाग्यांना:
त्याला कळते, किती ताणले,
आणि अजून ताणलेलेच आहे का.
दोघे आपापले भरतात. दोघांनाही ठिणगी पडते.
वाट मात्र एकच.

नव्या डॉक्टर, पेडण्याच्या उर्वी गांवस,
फळ्यावर बेरीज मांडून बसल्या होत्या:
एकाचे सेकंदाला साठ, दुसऱ्याचे चाळीस,
मिळून शंभर.
यंत्राने दिले सदुसष्ट.
परत केले. पासष्ट.
"तुमची तार हलतेय, कुंदाताई."

तार हलत नव्हती.
घाईतली ठिणगी फाट्याच्या जोडावर पोचली
की कण्याकडे धावतेच,
पण मागेही वळते, दुसऱ्या फाट्यात शिरते
आणि त्याचे भरत आलेले भांडे
उपडे करून ठेवते.
तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून.
एखादा ठोका मधूनच निसटतो,
म्हणून साठावर ते पाच-सात.

हे मला पुस्तकाआधी शाणूने शिकवले होते,
त्याला न कळता.

चवथीच्या आधी गुणो गेला.
माडावरून पडून नव्हे, काविळीने, अंथरुणात.
बारा दिवस भाटात काहीच नाही.
तेराव्या पहाटे: टक्.
मी कप खाली ठेवला.
टक्.
आता चुकेल. आता थांबेल.
टक्. टक्. टक्.
संथ, पण सलग, सूर्य येईपर्यंत.

बसथांब्यावर भेटला. कमरेला दुदिणे,
पोटऱ्यांवर माडाने ओरबाडलेल्या जुन्या रेघा.
"चाल बदललीस रे?"
"ना बाय. ही म्हजीच. पयलींच आशिल्ली."
बस दिसू लागली तेव्हा म्हणाला,
"दादा आयकूंक दिनासलो."
आणि हसला, की नाक पुसले,
मला नीट दिसले नाही.

त्या दिवशी उर्वीबाईंना म्हटले,
जाड धाग्याचा फाटा बधिर करून बघूया.
त्यांनी भुवई उंचावली, पण केले.
स्पीकर गप्प झाला.
त्यांचा हात बटणाकडे गेला.
थांबा, म्हटले, जरा थांबा.

मग चाळीस.