फटीपुरता पत्रा

हर्णैच्या बंदरात पोचेपर्यंत
माझे हात माझे नसायचे.
केळशी, आडे, आंजर्ले,
टाकीवर पिग्मीची बॅग
आणि खाली दापोलीच्या एका निवृत्त ड्रायव्हरानं
"घोडा आहे घोडा" म्हणत गळ्यात मारलेली बुलेट.
घोडा होताच.
पन्नाशी ओलांडली की
आरशात मागून येणारी एसटी
तीन एसट्या होऊन यायची.

बर्फाच्या टपाशी येसूबाई चोगले
पाचाची नाणी माझ्या तळव्यावर ठेवायची.
मला कळायचं एवढंच, की
काहीतरी गार आलं.
"तूच मोज गो," म्हणायचो.
"दहा," ती म्हणायची. मी पन्नास लिहायचो.
रात्री पतसंस्थेच्या टेबलावर पाच रुपये कमी.
खिशातून भरायचो. बोलायचो नाही.

थरथर वाढली की पाना काढायचो.
जितकी थरथर, तितका पिळा.
एका रविवारी पिळता पिळता
बोल्टाचं डोकंच हातात आलं,
आणि चेसीच्या पुढच्या कानाशी, रंगाखाली,
केसाएवढी चीर.

कासम मिरकर बोटींची मशिनं बसवतो.
दुचाकीला हात लावत नाही, असं स्वतःच सांगतो
आणि लावतो.
चीर नखानं चाचपली, जोडून आणवली,
मग म्हणाला, "आता सगळं ढिलं कर."
सगळं?
"सगळं."
पुढचे नट, खालचे, मागच्या पट्ट्यांचे,
हेडला धरणारी वरची पट्टी,
सगळं बोटानं फिरेल इतकं.
आणि मग किक.

चौकटीतल्या चौकटीत इंजिन हललं,
परक्या घरी झोपलेला माणूस
कूस बदलतो, पुन्हा बदलतो,
आणि कधीतरी त्याचा खांदा टेकतो, तसं.

"वाळूवर मशिन आवळायचं नाय कधी,"
कासम चहाची बशी फुंकत होता.
"होडी पाण्यात जाऊदे. लाकूड फुगूदे, बसूदे.
एक रात गेली की मग पाना.
वाळूवरचं सरळ
पाण्यात वाकडं निघतं."

इंजिन बंद केलं.
डाव्या कानात आणि केसिंगमध्ये फट होती,
दाढीचं पातं जाईल एवढी.
"ही तू बोल्टानं मिटवत होतास," तो म्हणाला.
रागावला नाही. नुसतं दाखवलं.

कॅनिंगवाल्याकडचा रसाचा एक रिकामा डबा
त्यानं कात्रीनं फाडला,
चकती कापली, सरकवली, काढली,
कानस मारली, आणखी एक पदर घातला,
जीभ दातांत धरून.
पत्र्याच्या आतल्या अंगाला
अजून हापूसचा वास होता.
खालून सुरुवात. थोडं या बाजूला, थोडं त्या.
वरची पट्टी सगळ्यात शेवटी,
आणि तिलाही ओढाताण नाही:
भोक भोकासमोर आपण होऊन आलं
तेव्हा बोल्ट आत गेला,
दार उघडंच असल्यासारखा.

पैसे विचारले तर म्हणाला, "पिग्मीत टाक."
त्याचं खातं नव्हतं.
त्याच संध्याकाळी उघडलं.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या पुलावर साठ.
नंबरप्लेट कुरकुरत होती अजून, कुरकुरूदे.
आरशात एसटी एकच,
ड्रायव्हरच्या मिशीसकट.

बंदरावर लिलाव उरकत आलेला.
येसूबाईनं नाणी ठेवली. "दहा."
माझा अंगठा एकेका कडेवरून गेला,
मलाच न विचारता.
"नऊ आहेत."

तिनं नाण्यांकडे नाही,
माझ्या हाताकडे पाहिलं.
मग बर्फानं पांढरी पडलेली आपली बोटं
माझ्या बोटांना लावून बघितली,
ताप बघतात तशी.
"गाडी कोनाकडं दाखवलीस?"

दहावं नाणं टपाच्या काठाशी सापडलं,
सुरमईच्या शेपटीखाली.
आधीची
मी विचारली नाहीत.