हातउसनं

आईनं घरातल्या एकूण एक भांड्यावर नाव घालून घेतलेलं:
ह. गो. निनावे, अजनी. खाली सन.
वाटी शेजारी गेली तरी ओळखीनं घरी यावी म्हणून.

इंजिनांवरही असायचं,
खिडकीखाली, पांढऱ्या अक्षरात, शेडचं नाव.
इटारसी म्हणजे आपलं.
बाकीची लोकांची.

बाबा यार्डात नंबर टेकर.
मालगाडी थांबली की कंदील उचलून
डब्याडब्याचा आकडा उतरवत चालायचे,
कानाला मफलर, पायाखाली खडी.
इंजिनाशी पोचले की वहीचं मागचं पान उघडायचे.
ते पान सरकारी नव्हतं.
त्यात नुसते पाहुणे:
गुत्ती. वटवा. बोंडामुंडा.
हे शेवटचं लिहिताना ते दर वेळी हसायचे.
एकदा काझीपेट. लाल, धुळीनं विटकरी झालेलं,
दिव्याखाली कुणीतरी हळदीचं बोट लावलेलं.

त्या वर्षी कोळसा तुंबला होता.
आपली इंजिनं कुठं अडकलीत
ते कंट्रोललाही सांगता येईना.
काझीपेटचं मागून घेतलं, चोवीस तासांच्या बोलीवर,
आणि अकरा दिवस ठेवलं.

रोज संध्याकाळी केबिनीत फोन वाजायचा,
"आमचं इंजिन?"
आणि माझे बाबा,
जे खाली पडलेली चिंचही विचारून उचलायचे,
शांतपणे सांगायचे,
"ब्रेकचं काम सुरू हाये साहेब. उद्या देतो."
मी डबा घेऊन दारात उभी.
"अशी काहून पाहून राह्यली?
कोराडीत कोळसा नाही, पोरी."

नवव्या दिवशी काझीपेटनं फिटर धाडला.
कोमुरय्या. एका हातात पान्यांची पेटी, काखेत वळकटी.
त्यानं ब्रेक हातोडीनं ठोकून ऐकला,
डॉक्टर पाठ ठोकून ऐकतात तसा.
मग पेटी बंद केली. बाबांकडे बघत राहिला.
बाबांना तेलुगू येत नव्हतं, त्याला मराठी.
हिंदी दोघांचीही उसनीच.
"काम बड़ा है," तो म्हणाला. "दो दिन लगेगा."

दोन दिवस आमच्याकडे जेवला.
वडाभातावर तेल वाढून घेतलं, पुन्हा घेतलं.
रात्री बाबांबरोबर रुळाकडेला बसायचा.
अंधारातून आपलंच इंजिन कण्हत आलं
की दिसायच्या आधी मान हलवायचा.
बहिणीच्या सासरी जाऊन
तिचा स्वयंपाकघरातला आवाज ऐकणाऱ्या भावासारखा,
असं मला आत्ता सुचलं.
खरं तर तसा नाही. तो फक्त एक सिलिंडर
नीट पेटत नाही, एवढंच बोलला.

बाराव्या पहाटे निघालं.
नुसतं इंजिन धाडायचं नाही,
रिकामं धावलं की डिझेल फुकट,
म्हणून मागं त्रेपन्न डबे जोडले, बल्लारशाकडे.
आई म्हणाली, बरोबर केलं,
उसनी वाटी रिकामी परत करू नये.
बाबांनी तिला सांगितलं नाही
की त्रेपन्नही डबे मोकळे होते.

तिनं कोमुरय्याला सांडगे दिले, झाकणाच्या डब्यात.
तो डबा काही परत आला नाही.

आता अजनीच्या पुलावर उभी राहिले
तर खालून कुठलीही इंजिनं कुठंही जातात,
दोन-दोन, तीन-तीन जोडून, धूर नाही.
नावं अजून असतात त्यांच्यावर.
मी वाचते. चष्मा पुसेपर्यंत गाडी पुढं गेलेली असते.

बाबांच्या वहीत काझीपेटपुढं लिहिलंय: परत दिलं.
तारीख, वेळ, सही.
डब्याची नोंद नाही.
तिकडं कुणाच्या तरी फळीवर असेल,
आत चिंच, नाहीतर सुया-दोरा,
आणि पोटावर आमचं नाव,
जे त्या घरात कुणाला वाचता येत नाही.