उशाकडच्या विटा

बामणोदचं वांगं हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा,
पोटात बी कमी.
पऱ्हाटीच्या जाळात टाकलं की
एक घटका अशी येते
जेव्हा साल काळी ठिक्कर आणि आत नुसतं लोणी.
त्या घटकेचे मला पैसे मिळतात.
छत्तीस हिवाळे लोकांच्या मळ्यांत भरीत लावलं,
दोनशे पानं, पाचशे पानं,
बडगीत हिरव्या मिरच्या ठेचताना
डोळे वाहिले तरी हात थांबला नाही.

गेल्या पौषात आग आत शिरली.

बरोबर बंडीच्या दुसऱ्या गुंडीखाली.
रात्री दीडला घशाशी आंबट पाणी,
लांबून भुसावळकडे निघालेली मालगाडी,
आणि मी पलंगावर उठून बसलेला,
मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा,
माझ्याच घरात.

गाव काय, सगळाच वैद्य.
टोपलूशेठ म्हणाला, गार दूध.
प्यालो. तासभर बरं, मग दामदुप्पट.
केळी तर बांधापलीकडेच,
एक खाल्लं, निवलो,
म्हणून तीन खाल्ली. ते सांगत नाही.
द्वारकाबाईनं भिजवलेले धने गाळून दिले,
ते पाणी मात्र सकाळी जिभेला
धुतलेल्या अंगणासारखं लागलं.

फैजपूरला नेहेते डॉक्टरनं पोट चाचपलं.
गिळताना अडकलं, शौचाला काळं झालं,
तर त्याच पावली ये, म्हणाला.
गोळ्या पंधरा दिवस. पुढचं तुझ्या हातात.
सातला जेव. दहाच्या आत आडवा होऊ नको.
झोपताना डावी कूस.
पलंग उशाकडून वीतभर उचल.
आणि भरीत? मी विचारलं.
तो हसला.
त्याच्या पोरीच्या लग्नात माझंच होतं.

न्हाणीघर बांधून उरलेल्या विटा होत्या,
दोन या पायाखाली, दोन त्या.
इंदू म्हणाली, हे काय व माय,
सगळा उतार तापीकडेच झाला,
सकाळपर्यंत आपण वाहून जाऊ.
दोन रात्री खरंच घसरलो,
पायथ्याच्या फळीला तळवे टेकवून झोपलो.

पाचव्या रात्री अंधारात तिचा आवाज :
मले बी बरं वाटतंय या विटाईनं.
तुले काय झालं?
जे तुमाले झालं तेच.
कधीपासून?
संजूच्या बायतपनापासून.

संजू आता चौतीस वर्षांचा.

तिच्या पदराच्या गाठीत ओवा असायचा,
मला वाटायचं, सुटे पैसे.
जळणाऱ्या वस्तूचा वास
मी दोन शेतांवरून ओळखतो,
हातभर अंतरावरचा आला नाही.
पाचशे पानं उठायची, मी बिडी ओढत हिशेब करायचो,
ती राखेनं पातेली घासायची,
आणि मग अकराला, साडेअकराला
बडगीच्या तळाला चिकटलेलं,
सगळ्यात तिखट असतं ते,
भाकरीनं पुसून खायची
आणि तशीच कलंडायची.

आता सातला दोन ताटं.
पहिल्या दिवशी ती बसेचना.
तुम्ही जेवा, मी मागून.
मी म्हटलं, डॉक्टरनं सांगितलंय.
तिला सांगितलंय का, हे तिनं विचारलं नाही,
मी बोललो नाही.
कळण्याची भाकरी, वांगं तेच,
मिरची अर्धी, तीही बी काढून,
वर घट्ट दही.
पहिला घास घेऊन ती म्हणाली, अळणी.
दुसरा घेतला.
अजून जेवताना अधूनमधून
दाराकडे बघते,
कोणाला वाढायचं राहिलंय का.

मग केळीच्या बागेच्या कडेनं चालतो.
डॉक्टर शंभर पावलं म्हणाला होता.
ती मोजते, मोठ्यानं,
साठ-पासष्टला कोणीतरी भेटतं,
काय व इंदूबाई, जेवल्या का?
जेवली, ती सांगते,
आकडा चुकतो,
आणि आम्ही पुन्हा एकपासून.