होतु

वडगावात, झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली.
पडद्यावर शिवलिंगव्वा, यंत्रमागापाशी,
अडतीस मिनिटं.
चॅनेलला हवीत चार.

ती बोलते मराठी,
मधेच सुतातल्या गाठीसारखं कन्नड.
गाठी मी कापत आलो. खोकला कापला,
नातवाचं रडणं,
"जरा मोठ्यानं बोला" म्हणणारा माझाच आवाज.

सतराव्या मिनिटाला माग थांबतो.
ती वर बघते, बल्बकडे. म्हणते, "होतु."
गेली, म्हणजे वीज. एवढंच.
पण माझ्या मराठी कानाला दर वेळी
ऐकू येतं: होतं. कुणीतरी होतं इथं.

नवरा याच मागावर बसायचा,
हे ती सांगते बाविसाव्या मिनिटाला.
बावीस उचलून सतराच्या पाठीला लावलं.
फारच नीट बसलं.
रडले असते लोक.
काढलं.

आता "होतु"नंतर नुसता काळोख,
आणि त्यात सूत चाचपणारी बोटं,
कान दिला तर.

रात्री चॅनेलवरून फोन:
किती सेकंद ठेवलायस हा अंधार?
अकरा.
अरे, लोकांना वाटेल टीव्ही बिघडला.

वाटू दे.
उठून वायर हलवतील.